गादीखालच्या नोटा

खालिद हुसैनींच्या 'द काइट रनर' या कादंबरीत अमीर लहानपणी हसनशी, घरच्या नोकराच्या मुलाशी, दगा करतो. मोठेपणी असेफ या लहानपणच्या गुंडाचा मार खाल्ल्यावर त्याचं प्रायश्चित्त पूर्ण होतं, असं एक मत आहे. मला नाही तसं वाटत. मार खाताना तो हसतो, कारण शिक्षा त्याला लहानपणापासूनच हवी होती. हसनला डाळिंबं फेकून मारली ती त्यासाठीच, त्याने उलट मारावं म्हणून. त्या बिचाऱ्याने डाळिंब उचललं आणि स्वतःच्याच कपाळावर फोडलं!

मला खरी वाटते ती वाहिदच्या घरातली सकाळ; अफगाणिस्तानात परतलेल्या अमीरला हा गरीब माणूस रात्रीपुरता आसरा देतो. अमीरने घड्याळ आणि नोटा हसनच्या गादीखाली लपवून त्याला चोर ठरवलं होतं. २६ वर्षांनी, तसंच कुणी बघत नाही ना याची खात्री करून, तो गादीखाली चुरगळलेल्या नोटा सरकवतो. या खेपेला एका उपाशी घरासाठी. घड्याळ आधीच पोरांना देऊन झालेलं. (पोरांची नजर घड्याळावर नव्हतीच, ताटावर होती, हे त्याला उशिरा कळतं.)

असेफ नेमका तालिबानी होऊन समोर येतो हे मात्र फारच जुळवून आणलंय, अगदी हिंदी सिनेमासारखं. आणि माफ करायला हसन उरलाय कुठे? उरलाय तो हसनचा मुलगा सोहराब, आणि तो अमेरिकेत आल्यावर महिनोन्‌महिने तोंडच उघडत नाही.