'कॉलिंग कन्व्हेन्शन' : नियम, संकेत की रिवाज?

पाटीपेन्सिल : अभियांत्रिकीच्या मुलांसाठी एक टिपण मराठीत लिहितेय. विषय : सी या भाषेतल्या प्रोग्रॅममधून फोर्ट्रान या जुन्या भाषेतलं सबरूटीन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) कसं वापरायचं. ते कसं बोलवायचं, त्याला काय नि कसं द्यायचं, याच्या ठरावाला 'कॉलिंग कन्व्हेन्शन' म्हणतात; त्यासाठी मी 'हाक मारण्याचे नियम' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी 'नियम' खोडून 'संकेत' केलं. मला संकेत म्हटलं की संकेतस्थळ आणि संकेतशब्दच आठवतात. काय ठेवू?

शुद्धमती : संकेतच. नाट्यसंकेत, काव्यसंकेत म्हणतो ना आपण? सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं ते. सर बरोबर आहेत.

आजोबा७७ : गोची तिथेच आहे, सगळ्यांनी मिळून काही मान्य केलंच नव्हतं! फोर्ट्रान १९५७ची, सी त्यानंतर पंधराएक वर्षांनी आली. फोर्ट्रानच्या अधिकृत मानकात सीशी कसं बोलायचं याबद्दल २००३ पर्यंत अवाक्षर नव्हतं. मग प्रत्येक कंपायलरवाल्यानं (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्यानं) आपापलं ठरवलं. जीफोर्ट्रान हा कंपायलर सबरूटीनचं नाव स्मॉल अक्षरांत करतो आणि शेवटी एक अंडरस्कोअर (_) लावतो. जुना जी७७ नावात आधीच अंडरस्कोअर असला तर शेवटी दोन लावायचा. आयबीएमचा एक्सएलएफ त्यांच्याच एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर सांगितल्याशिवाय काहीच लावत नाही. इंटेलवाला लिनक्सवर स्मॉल आणि अंडरस्कोअर, विंडोजवर कॅपिटल आणि अंडरस्कोअर नाही. कंपनी तीच! याला संकेत म्हणायचं? हा रिवाज. ज्याच्या त्याच्या घरचा.

गावाकडचा : म्हणजे कुळाचार. आमच्याकडे खड्याच्या गौरी, शेजारी मुखवट्याच्या. येतात एकाच दिवशी, पण आमच्या देवघरात येऊन कुणी मुखवटे शोधले तर कसे सापडणार?

आजोबा७७ : कोडचे तुकडे जोडणारा लिंकर अगदी हेच म्हणतो. सबरूटीन समोर असतं, पण 'सापडलं नाही'.

शुद्धमती : रिवाज अरबीतून आलाय. मराठीत रीत आहे, प्रघात आहे, ते का नकोत?

गावाकडचा : ताई, ज्या खुर्चीत बसून हे लिहिलंत तीही अरबीतूनच आली आहे.

शुद्धमती : मी सतरंजीवर बसते.

गावाकडचा : सतरंजी फारसी.

पाटीपेन्सिल : अहो, थांबा. अंडरस्कोअरचा पण घोळ आहे. मी लिहिलं होतं, 'नावाला अधोरेषा द्या'. दोन मुलांनी जर्नलमध्ये नावाखाली पट्टी ठेवून छान रेघ मारून आणली.

टकटक : त्यांचं काय चुकलं? टाइपरायटरवर ती कळ त्यासाठीच होती. शब्द मारायचा, गाडी मागे आणायची आणि खालून रेघ ओढायची. मी टायपिंगच्या परीक्षेला असंच केलंय. शेवटच्या अंडरस्कोअरला 'शेपूट' म्हणा, कुणी पट्टी काढणार नाही.

शुद्धमती : शेपूट! पाठ्यपुस्तकात?

टकटक : धूमकेतूला चालतं की.

रविवारकर : उशिरा येतोय. मुळात 'हाक मारणे' खटकलं. हाक मारली की समोरचा ओ देईलच असं नाही. पूजेतला 'आवाहन' घ्या. सुरुवातीला आवाहन, शेवटी 'पुनरागमनाय च'. कॉल आणि रिटर्न, दोन्ही तयार!

आजोबा७७ : पुनरागमन म्हणजे देवानं पुन्हा आपल्याकडे यावं. रिटर्न म्हणजे काम आटोपून जिथून बोलावलं तिथे परत जाणं. उलटं होतंय. साधं 'बोलावणं' बरं. आणि ताई, नावाचं शेपूट जुळलं म्हणून सुटलात असं नाही. फोर्ट्रान किंमत घेत नाही, पत्ता घेतो. सीतून नुसता ३ धाडलात तर तो ३ नंबरच्या पत्त्यावर जाऊन बघतो आणि प्रोग्रॅम आडवा होतो. अक्षरमाला (स्ट्रिंग, म्हणजे मजकूर) धाडली की तिची लांबीही गुपचूप यादीच्या शेवटी जावी लागते. त्या लांबीचा प्रकार जीफोर्ट्रानच्या ७व्या आवृत्तीपर्यंत इंट होता, ८व्यापासून साइझ-टी (दोन्ही सीतले पूर्णांकांचे प्रकार). एकाच घरात रिवाज बदलला! म्हणून म्हणतो, 'नियम' लिहिलंत तर मुलं एकदा पाठ करतील आणि दुसऱ्या कंपायलरवर रडतील.

पाटीपेन्सिल : मग २००३ नंतर काय?

आजोबा७७ : तेव्हा 'बाइंड-सी' आलं. सबरूटीनच्या माथ्यावर ते लिहिलं की नाव सीला हवं तसंच राहतं, आणि 'व्हॅल्यू' लिहिलं की किंमतही पाठवता येते. तो मात्र नियम.

शुद्धमती : म्हणजे आता नियमच!

आजोबा७७ : नव्या कोडला. लॅपॅक हा गणिती सबरूटीनांचा संग्रह १९९२चा. त्यातल्या सबरूटीनांना अजून शेपूट लावूनच बोलवावं लागतं.

पाटीपेन्सिल : सरांचा निरोप आला. त्यांनी आता 'संकेत' खोडून 'परिपाठ' केलंय.

रविवारकर : परिपाठ म्हणजे शाळेतली प्रार्थना.

टकटक : परिपाठ म्हणजे रूटीन पण. मग सबरूटीन म्हणजे उपपरिपाठ?

शुद्धमती : वाईट नाही.

पाटीपेन्सिल : उद्या छपाईला जायचंय हो.

रविवारकर : गावाकडचा, खड्याच्या गौरींना खडे पाच आणता की सात?

गावाकडचा : सात. पाणवठ्यावरून.

टकटक : आमच्याकडे पाच.