मदत हवी आहे: मांसाहार सोडला, पण आता रात्री अकराला पुन्हा भूक लागते

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी मांस-मासे सोडले. कारण लिहीत नाही. लिहिलं की धागा तिकडेच वळेल आणि माझी भूक राहील बाजूला. अंडी आणि दूध-दही चालतं, निदान सध्या तरी.

मला स्वयंपाक येत नाही असं नाही. चिकन-मटण बरं करायचो, लोक मागून घ्यायचे. पण त्या स्वयंपाकात भाजी म्हणजे कडेला चिरून ठेवलेला कांदा. आता मधली वस्तूच उचलली आणि ताटात उरलं काय, तर भात, बटाटा आणि ब्रेड. आठ वाजता पोट फुटेस्तोवर जेवतो आणि अकराला फ्रिज उघडून उभा असतो.

आतापर्यंतचे प्रयोग (हसलात तरी चालेल):

टोफूचे तुकडे करून सरळ रश्श्यात सोडले. चव ओल्या खोडरबराची.

मशरूम कढईत टाकले, मीठ घातलं, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी करड्या पाण्यात पोहणारी बटणं.

राजमा दोन तास भिजवला आणि अगदी मंद आचेवर ठेवून दिला. थोडा कचकचीत लागत होता, तरी खाल्ला. ती रात्र कशी गेली ते विचारू नका.

कामावरून आल्यावर अर्ध्या तासात होईल, एका भांड्यात होईल आणि जेवल्यासारखं वाटेल असं काहीतरी सुचवा. 'भरपूर हिरव्या भाज्या खा' हा सल्ला कृपया नको, तो मिळालाय.

प्रतिसाद १

आधी राजम्याचं बोलू, कारण बाकीचं सगळं चवीचं आहे आणि हे तब्येतीचं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (पोट बिघडवणारं एक प्रथिन) असतं, लाल राजम्यात तर भरपूर. ते उकळीनेच मरतं. पाणी नुसतं गरम राहिलं तर मरत नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. तुम्ही नेमकं तेच केलंत.

किमान ५ तास भिजवा, रात्रभर भिजवलात तर अधिक चांगलं. ते पाणी ओतून द्या. नव्या पाण्यात १० मिनिटं खळखळून उकळा, मग आच कमी करून बोटाने चेपेपर्यंत शिजवा. कुकर असेल तर त्यातच लावा. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, तो फक्त धुऊन घ्यायचा.

आणि टोमॅटो राजमा मऊ झाल्यावरच. आंबटाच्या संगतीत दाणा शिजायला जाम वेळ घेतो. बरेच जण कडधान्याला दोष देतात, दोष टोमॅटोच्या घाईचा असतो.

प्रतिसाद २

मशरूमबद्दल: मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. झाकण ठेवलंत म्हणजे ते स्वतःच्याच पाण्यात उकडले. कढई चांगली तापवा, तेलसुद्धा आधी घालू नका, मशरूम एका थरात पसरा आणि हात लावू नका. पाणी सुटेल, आटेल, आणि मग चर्र आवाज बदलेल. तो बदललेला आवाज महत्त्वाचा. तेव्हा तेल, लसूण आणि सगळ्यात शेवटी मीठ. जास्त वेळ शिजले तरी त्यांचा लगदा होत नाही, म्हणून नवशिक्याला याहून दयाळू भाजी नाही.

तुम्ही मटण करायचात म्हणजे हे तुम्हाला येतंच. मटणाची चव येते कुठून? निम्मी तर खरपूस भाजल्यामुळे येते. बाकीची जी जिभेवर रेंगाळते ती उमामी. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला हे नाव दिलं. ती टोमॅटोत आहे, सोया सॉसमध्ये आहे, मुरलेल्या चीजमध्ये आहे, सुक्या मशरूममध्ये तर आहेच. रश्श्याचा कांदा तुम्ही मटणाला परतायचात तितकाच तांबूस होऊ द्या, टोमॅटो तेल सुटेपर्यंत परता, वरून चमचाभर सोया सॉस. मग त्यात चणे घाला, मटार घाला, काही घाला. शाकाहारी करायचं म्हणून मसाला अर्धवट परतणारे खूप पाहिलेत.

प्रतिसाद ३

भुकेचं उत्तर मी देते. अहो, तुमच्या ताटात पिष्ट सोडून काही नाही! शिजलेल्या १०० ग्रॅम भातात प्रथिनं जेमतेम पावणेतीन ग्रॅम, बटाट्यात दोनच्या आसपास. शिजलेल्या मसुरात तीच सुमारे ९ ग्रॅम. शिवाय मांसाबरोबर चरबी पोटात जायची, तीही बंद झाली. म्हणून पोट लगेच रिकामं वाटतं.

मसूर डाळीपासून सुरुवात करा. ती केशरी, सोललेली. भिजवायची गरज नाही, पंधरा-वीस मिनिटांत शिजते. एक वाटी डाळ धुऊन घ्या. पातेल्यात दोन चमचे तेल, चिरलेला कांदा तांबूस होईपर्यंत, चार पाकळ्या लसूण, जिरे, तिखट. त्यातच डाळ आणि साडेतीन वाट्या पाणी. फेस येईल, काढून टाका. डाळ विरघळत आली की टोमॅटो आणि मीठ, आणखी पाच मिनिटं. उतरवल्यावर लिंबू पिळा. लिंबू विसरू नका, क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागूनच चहा-कॉफी घेत असाल तर मात्र ते कमी होतं, तासभर जाऊ द्या.

वरून उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे. अकराला उठून दाखवा.

प्रतिसाद ४

मला डाळीचा कंटाळा, म्हणून शेंगदाण्याच्या नूडल्स. दोन चमचे पीनट बटर (बिनसाखरेचं), एक चमचा सोया सॉस, अर्ध्या लिंबाचा रस, किसलेला लसूण, तिखट. नूडल्स उकडल्या की त्यांचंच गरम पाणी थोडं थोडं घालून हे कालवायचं. आधी फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, ढवळत राहिलं की सायीसारखं होतं. नूडल्स उकळताना शेवटच्या दोन मिनिटांत त्याच पाण्यात कोबी किंवा गाजर टाकायचं. भांडं एकच, वेळ पंधरा मिनिटं.

प्रतिसाद ५

सोया चंक्स कुणीच कसे सुचवले नाहीत? कोरड्या वजनात निम्मी प्रथिनंच असतात. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे, घट्ट पिळायचे, आणि वरच्या मसाल्यात थेट.

प्रतिसाद २ यांचं उत्तर

सुचवले नाहीत ते मुद्दाम. तीन आठवड्यांत माणूस प्रत्येक घासाला जुन्या चवीशी ताडून बघतो, आणि नक्कल कायम हरते. दोन महिन्यांनी खावेत, तेव्हा आवडतात. पिळण्याबद्दल मात्र सहमत, न पिळलेला चंक म्हणजे अंघोळीचा स्पंज.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मसूर केली, दोन रात्री सलग. अकराला जाग होती पण फ्रिजकडे गेलो नाही.

दोन शंका. एक, पोटात गॅस फार होतोय. दोन, बी१२ चं काय? घरातून रोज विचारणा होतेय.

प्रतिसाद १

गॅस होणारच. कडधान्य कधीतरी खाणारा माणूस एकदम रोज वाटीभर खायला लागला की आतडी कुरकुरतात. काही दिवस अर्धी वाटी, मग वाढवा. सोललेल्या डाळी आधी, अख्खे चणे-राजमा नंतर. भिजवलेलं पाणी नेहमी टाकून द्या.

बी१२ भरवशाचं असं वनस्पतींतून मिळत नाही. तुम्ही अंडी आणि दूध घेता, त्यात असतं, फक्त ते रोजच्या खाण्यात येतंय ना बघा. पुढे तेही सोडणार असाल तर गोळी किंवा बी१२ मिसळलेले पदार्थ लागतीलच. रक्त तपासून डॉक्टरांना विचारा, धाग्यावरून मात्रा ठरवू नका.

अवांतर: पाकिटं उलटून वाचायची सवय लावा. जेलीत जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन, काही चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट, तयार सॉसमध्ये मासळी निघते. किती काटेकोर राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

धागाकर्ता

चीजचं माहीत नव्हतं. घरात अर्धं पाकीट आहे, ते संपवावं की नाही यावर आज स्वतःशीच भांडण झालं.

मशरूम जमले! आवाज खरंच बदलतो. टोफूने मात्र पुन्हा दगा दिला. या वेळी कॉर्नफ्लॉर लावून तळला, तर पीठ तव्याला आणि टोफू उघडा.

प्रतिसाद ४

टोफू कुठला घेतला? दह्यासारखा थरथरणारा असेल तर तो तळायचा नाहीच, सूपमध्ये चांगला. कडक वडी घ्या. फडक्यात गुंडाळून वर जड पातेलं, वीस मिनिटं. जमलं तर आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये टाका. आतल्या पाण्याचा बर्फ होतो, वितळला की तिथे भोकं राहतात आणि मसाला आत शिरतो. वितळल्यावर तळव्यात धरून पिळा.

कॉर्नफ्लॉर लावल्यावर किती वेळ ठेवला होता?

धागाकर्ता

कांदा चिरून होईपर्यंत. दहा मिनिटं असेल.

प्रतिसाद ४

तिथेच गेलं. पीठ लावून ठेवलं की टोफूचा ओलावा ते पिऊन घेतं आणि चिकट होतं. कांदा आधी चिरा, तेल तापवा, मग पीठ लावा आणि लगेच तव्यावर. एक बाजू आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका.