शब्दचर्चा : खेळाच्या ‘रिमेक’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (आर्वी तालुका, वर्धा जिल्हा)

नमस्कार. मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे काम पाहतो. वाचनालयाच्या भिंतीवर आम्ही दर महिन्याला एक भित्तिपत्रक लावतो आणि कापूस वेचून परतणाऱ्या बायकांपासून बसची वाट पाहणाऱ्या कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे ते वाचतात. या महिन्यात माझ्या भाच्याने, जो अकरावीत आहे, ‘डीमन्स सोल्स’ या व्हिडिओ खेळावर लेख दिला आहे. लेख चांगला आहे, परंतु त्यातील एका वाक्यापाशी मी अडलो आहे. ते वाक्य असे : “हा त्या खेळाचा रिमास्टर नाही, पोर्ट नाही, रिमेक आहे.” ज्या वाक्यात तीन शब्दांचा एकमेकांपासून असलेला फरक हाच सगळा मुद्दा आहे, त्याच वाक्यात ते तिन्ही शब्द वाचणाऱ्याला अनोळखी असतील, तर ते वाक्य भिंतीवर लावून उपयोग काय?

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’ या जपानी कंपनीने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली हा खेळ तयार केला आणि २००९ साली तो प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी बाजारात आला. बोलेटारिया नावाचे एक काल्पनिक राज्य धुक्याने गिळले आहे, त्या धुक्यातून असुर आले आहेत आणि खेळणाऱ्याने तलवार, ढाल किंवा मंत्र घेऊन आत शिरायचे आहे. शत्रू मारला की त्याचे ‘सोल’ (इंग्रजीत आत्मा) मिळतात, त्यांवरच शस्त्रे विकत घ्यायची आणि त्यांवरच अंगातील ताकद वाढवायची. खेळणारा मेला की जमवलेले सगळे सोल जेथे मेला तेथेच, रक्ताच्या डागाजवळ, पडून राहतात. पुन्हा सुरुवातीपासून चालत, तेच सगळे शत्रू पुन्हा ओलांडून तेथपर्यंत पोहोचता आले तर ते परत मिळतात. वाटेत पुन्हा मरण आले तर ते कायमचे गेले. या एका नियमामुळे हा खेळ कठीण म्हणून जगभर गाजला. पुढे अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिनच्या ‘ब्लूपॉइंट गेम्स’ने सोनीच्या जपान स्टुडिओबरोबर तो नव्याने तयार केला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ हे यंत्र आले, त्याच दिवशी तोही आला.

शब्दकोशात पाहिले तर ‘पुनर्निर्मिती’, ‘नूतनीकरण’ आणि ‘जीर्णोद्धार’ असे शब्द हाती येतात. नूतनीकरण म्हटले की आमच्याकडे डोळ्यांसमोर पीककर्ज येते, नाहीतर परवाना. त्यात वस्तू तीच राहते आणि तारीख तेवढी पुढे सरकते. पुनर्निर्मिती हा शब्द मला फार सैल वाटतो, कारण तीच वस्तू कारखान्यात पुन्हा काढली तरी ती पुनर्निर्मितीच होते. जीर्णोद्धार हा शब्द मला मनापासून आवडतो, त्यात माया आहे, परंतु त्यासाठी मूळ वस्तू जीर्ण झालेली असावी लागते. अकरा वर्षांचा खेळ जीर्ण म्हणावा का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (पवनी तालुका, भंडारा जिल्हा)

भाऊ, आपल्या वाक्यातील मधला शब्द मी सोडवून देतो, कारण तो आमच्या धानाच्या पट्ट्यातला आहे. पोर्ट म्हणजे एका यंत्रासाठी केलेला खेळ, त्याच्यात शक्य तितका कमी बदल करून, दुसऱ्या यंत्रावर चालता करणे. आमच्याकडे पऱ्हे एका जागी टाकतात आणि रोप हाताएवढे झाले की ते उपटून चिखल केलेल्या बांधीत लावतात. याला आम्ही रोवणी म्हणतो. रोप तेच असते, माती निराळी असते, आणि पहिले आठ दिवस ते पिवळे पडून मान टाकते, हेही पोर्ट केलेल्या खेळांच्या बाबतीत पुष्कळदा खरे ठरते. ‘स्थलांतर’ हा शब्द मी येथे वापरणार नाही. आमच्या भागात स्थलांतर म्हणजे कामाच्या शोधात घराला कुलूप लावून जाणे, आणि तो अर्थ त्या शब्दावरून सहजी पुसला जाणार नाही.

रिमास्टरसाठी माझ्या मनात ‘कल्हई’ आहे. लहानपणी कल्हईवाला पाराखाली भाता लावून बसत असे. आईचे पितळी गंज तो आधी राखेने आणि वाळूने घासायचा, मग भट्टीवर उलटेपालटे करत तापवायचा, चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, आणि त्या धुरातच कथलाची कांडी भांड्याच्या तळाला टेकवून तो कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत सगळीकडे पसरवायचा. आतून भांडे चांदीसारखे निघायचे. परंतु विहिरीच्या काठावर आपटून पडलेला पोचा होता तेथेच असायचा, कान वाकडा तर वाकडाच राहायचा. रिमास्टरचे नेमके असेच असते. २०११ सालच्या ‘डार्क सोल्स’ या खेळाचे २०१८ मध्ये जे रूप आले, त्यात चित्र स्वच्छ झाले, हालचाल सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रचौकटींनी होऊ लागली, आणि भांडे मात्र तेच राहिले.

याच ब्लूपॉइंट कंपनीचे एक उदाहरण आपल्या भाच्याला अवश्य सांगावे. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा २००५ सालचा प्लेस्टेशन २ वरील खेळ. त्यांनी २०११ मध्ये त्याला प्लेस्टेशन ३ साठी कल्हई केली आणि २०१८ मध्ये तोच खेळ प्लेस्टेशन ४ साठी मुळातून नव्याने उभा केला. एकाच कारागिराने एकाच वस्तूवर केलेली ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्हींना एकच शब्द वापरणे त्या कारागिरावर अन्याय करणारे होईल. त्या दुसऱ्या कामाला काय म्हणावे, हे मात्र मलाही सुचलेले नाही.

उत्तर (वरुड, अमरावती जिल्हा)

मी सोनारकाम करणाऱ्या घरातला आहे, त्यामुळे ‘दुसरे काम’ हे शब्द वाचताच मला आमची पेढी आठवली. गिऱ्हाईक दोन कामे घेऊन येते. एक, ‘उजाळा द्या’. दुसरे, ‘मोडून घडवा’. उजाळ्याला अर्धा तास लागतो. मोडून घडवायचे असेल तर आजीची गळ्यातली गरसोळी मुशीत जाते, वर टाकणखाराची चिमूट पडते, मणी एकेक करून खचतात आणि शेवटी मुशीच्या तळाशी एक थरथरणारा पिवळा थेंब उरतो. त्या घटकेला गिऱ्हाईक बाई नेहमी दुसरीकडे पाहते, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. मग त्याच सोन्यातून नवा दागिना निघतो, त्याची घडणावळ वेगळी लागते, आणि घरी गेल्यावरही ती बाई सांगते की हे आजीचे सोने आहे.

म्हणून रिमेकला ‘घडण’ म्हणावे असे मी सुचवतो. नवी घडण. प्रश्न एवढाच उरतो की या खेळात सोने कोणते आणि घडण कोणती. मी दोन्ही रूपे खेळलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते ते जवळपास सगळे नवे आहे. दगडी भिंती, चिलखते, पेटलेली मशाल, असुरांची तोंडे, सगळे नव्याने काढलेले आहे. शुनसुके किदा यांचे संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतले आहे. काही असुरांचे रूप इतके बदलले की जुन्या खेळाडूंना ते रुचले नाही, आणि संगीताबाबतही माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे : मूळ संगीतात एक ओसाडपणा होता, तो नव्या भरगच्च वाद्यमेळात पातळ झाला. परंतु शत्रू कोणत्या कोपऱ्यामागे दडून बसला आहे, तो तलवार उगारल्यावर किती वेळाने खाली आणतो, कोणत्या पुलावर ड्रॅगन आग ओकतो, हे सगळे तसेच आहे. जुना खेळ खेळलेला माणूस डोळे नव्या चित्राला सरावायच्या आधीच हाताने बरोबर कळ दाबतो. ते हाताचे स्मरण म्हणजे सोने. त्याला त्यांनी धक्का लावला नाही, आणि सोप्या पातळीचा पर्यायही दिला नाही.

बदल मुळीच केले नाहीत असेही नाही. पूर्वी शत्रूवर नजर रोखून लोळण घेतली तर चारच दिशांना घेता येत असे, आता हव्या त्या दिशेला घेता येते. जखम भरणारी औषधी गवताची पाने पूर्वी पोतेभर बाळगता येत, आता त्यांना वजन आणि मर्यादा आली. म्हणजे एका हाताने सोपे केले आणि दुसऱ्या हाताने कठीण केले. सोनार घट (घडवताना कमी होणारे सोने) धरतो आणि थोडा डाग (सांध्याचा धातू) घालतो, तसाच हा प्रकार आहे. एक गोष्ट तर मला फार भावली. मूळ खेळात सहा शिळा आहेत, त्यांपैकी पाच वेगवेगळ्या प्रदेशांत नेतात आणि सहावी फुटलेली आहे. नव्या घडणीत ती जोडून एक सबंध नवा प्रदेश घालण्याचा मोह किती मोठा असेल! त्यांनी ती फुटलेलीच ठेवली.

उत्तर (अकोला जिल्हा)

‘रिमेक’ हाच शब्द ठेवावा. सिनेमामुळे तो घरोघरी पोहोचला आहे.

विचारणाऱ्याचे उत्तर

अकोल्याच्या भाऊंचे म्हणणे मला आधी पटले होते, परंतु वरुडच्या भाऊंचे विवेचन वाचल्यावर त्यातील अडचण ध्यानात आली. सिनेमाचा रिमेक म्हटला की आपण समजतो, कथा तीच आणि नट दुसरे, गाव दुसरे, बहुधा भाषाही दुसरी. कथा राखली की बाकीचे बदलले तरी चालते. या खेळात कथा हा भाग लहान आहे आणि राखलेली वस्तू म्हणजे नियम, अंतर आणि वेळ. सिनेमातला शब्द तसाच उचलला तर वाचणारा भलतीच वस्तू राखली गेली असे समजेल.

‘घडण’ मला मान्य आहे आणि पवनीच्या भाऊंची रोवणी आणि कल्हई तर मी जशीच्या तशी घेत आहे. मात्र ‘मोडून घडवणे’ यातील पहिल्या शब्दावर माझ्या भाच्याने रास्त हरकत घेतली आहे. गरसोळी मुशीत गेली की ती गेली. येथे तसे झालेले नाही. त्याच्या मित्राकडे जुने यंत्र आणि जुनी चकती आहे आणि ती आजही चालते. त्याने मला दोन्ही रूपे दाखवली. आमच्याकडे लाइन जाते म्हणून इन्व्हर्टर लावून बसलो होतो. जुन्या रूपात मेल्यावर पडदा इतका वेळ काळा राहिला की मी तोवर चहाला आधण ठेवून आलो. नव्यात मी उठायच्या आतच खेळातला योद्धा पुन्हा उभा होता.

जुन्यातले एक मात्र खरोखर मोडले आहे, आणि येथे मला ‘जीर्णोद्धार’ शब्दाला पुन्हा जवळ करावेसे वाटते. मूळ खेळात इंटरनेटवरून एकमेकांच्या जगात जाता येई, जमिनीवर इशारे लिहून ठेवता येत. एका मनोऱ्याच्या शेवटी तर लढायला समोर यंत्राऐवजी कोठलातरी दुसरा खेळाडूच येत असे. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी खेळाडूंना जोडणारे सर्व्हर, म्हणजे मधले संगणक, बंद झाले आणि तो भाग ओस पडला. नव्या खेळात तो पुन्हा वसला. तेवढ्या भागापुरता जीर्णोद्धार म्हणायला मी तयार आहे, कारण तेथे दिवा विझला होता आणि तो पुन्हा लागला.

आता दोन शब्द राहिले. लेखात भाच्याने ‘कुख्यात कठीण खेळ’ लिहिले होते. कुख्यात दरोडेखोर असतो. या खेळाने कोणाचे वाईट केलेले नाही, म्हणून मी ते काढले. ‘अवघड’ म्हटले तर गणितही अवघड असते. मला ‘खडतर’ योग्य वाटतो, कारण खडतर ही वाट असते, खडतर तप असते, आणि दोन्हींच्या शेवटी पोहोचणे शक्य आहे असे तो शब्द गृहीत धरतो. दुसरा शब्द ‘सोल’. भाच्याने ‘आत्मे’ लिहिले होते. आपल्या समजुतीप्रमाणे आत्मा खर्च होत नाही, सांडत नाही आणि त्यावर तलवार विकत मिळत नाही. ‘जीव’ मात्र मराठीत टांगणीला लागतो, मुठीत धरावा लागतो, ओतता येतो, गोळा करता येतो आणि जातो. रक्ताच्या डागाजवळ पडून राहिलेले ते जीवच आहेत.

उत्तर (वरुड)

भाचेबुवांची हरकत मला शंभर टक्के मान्य. मुशीचे उदाहरण मी मागे घेतो. आमच्याकडे तिसरेही एक काम येते, तेच मला आधी सुचायला हवे होते. दोन बहिणींत आईचा एकच दागिना असतो. धाकटी तो घेऊन पेढीवर येते आणि म्हणते, ‘अस्साच घडवून द्या.’ मूळ दागिना काट्यावर ठेवायचा, वजन टिपायचे, प्रत्येक मण्याचे अंतर मोजायचे, आणि मग वेगळ्या सोन्यात, आजच्या हत्यारांनी, दुसरा घडवायचा. मूळ दागिना थोरलीकडे परत जातो. याला आम्ही ‘नमुन्यावरून घडण’ म्हणतो. अशा कामाला घडणावळ सर्वांत जास्त लागते, कारण समोर आई उभी असल्यासारखे काम करावे लागते.

विचारणाऱ्याचे उत्तर

मिळाले. ते वाक्य आता असे केले आहे : “ही त्या खेळाची रोवणी नाही, कल्हईही नाही, अकरा वर्षांनी, दोन पिढ्या पुढच्या यंत्रावर, मूळ नमुन्यावरून केलेली ही नवी घडण आहे.” मथळा ‘एका खडतर खेळाची नवी घडण’ असा राहील. भाच्याने हट्ट धरून ‘रिमेक’ हा शब्दही लेखाच्या शेवटच्या ओळीत एकदा ठेवला आहे, म्हणजे कोणाला मोबाइलवर शोधायचे झाले तर सापडावे. सोमवारी भित्तिपत्रक लागेल.