सॅव्हॉय (फ्रान्स) : शाँबेरी, आन्सी, शामोनी. आठ रात्रींची आखणी कशी करावी?

ठाणेकर वाटसरू

सप्टेंबरमध्ये आठ रात्री फ्रेंच आल्प्समध्ये जायचं ठरतंय. आम्ही चौघं, त्यात आईबाबा सत्तरीच्या आसपास. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. विमान जिनिव्हाचं. माँ ब्लां (मॉन्ट ब्लँक) बघायचाच आहे, पण महादजी शिंद्यांचा सेनापती डी बॉइन याचं गावही त्याच भागात आहे असं वाचलं, तेही करावं अशी बाबांची फार इच्छा. तीन प्रश्न :
१) मुक्काम कुठे आणि किती रात्री?
२) गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने फिरावं?
३) शामोनीच्या वरच्या एग्वी द्यु मिदी शिखराच्या रोपवेने आईला वर न्यावं का?

घाटवाटा

दोन रात्री शाँबेरी, दोन आन्सी, चार शामोनी. क्रमही हाच ठेवा. शाँबेरी आणि आन्सी साडेचारशे मीटरच्या आत आहेत, शामोनी १०३५ मीटरवर. प्रवासाचा शीण उतरतो आणि उंची हळूहळू वाढते.

शामोनीला चार रात्री सांगण्याचं कारण हवामान. तिथे ढग आले की दोन-दोन दिवस डोंगर दिसत नाही. एकच दिवस हातात ठेवून वरची तिकिटं आधीच काढलेले लोक धुक्यात उभे राहून परत येतात. सकाळी वरच्या स्थानकाचा थेट कॅमेरा पाहा, आकाश मोकळं असेल तर त्याच दिवशी माँ ब्लांकडे जा आणि बाकी सगळं मागे टाका. दुपारी ढग चढतात, त्यामुळे पहिल्या दोन तासांतली वेळ घ्यायची.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मिळाला तर उत्तम. ब्रेव्हाँ आणि फ्लेजेर या समोरच्या बाजूच्या रोपवे दुसऱ्या पंधरवड्यात बंद व्हायला लागतात. एग्वीची त्यानंतरही चालते, पण तीही साधारण नोव्हेंबरमध्ये देखभालीसाठी बंद असते.

बखरीचं पान

तुमच्या बाबांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या पुस्तकांत डी बॉइनला सर्रास 'फ्रेंच सेनापती' म्हणतात. तो १७५१ साली शाँबेरीत जन्मला तेव्हा ते गाव फ्रान्समध्ये नव्हतंच. सॅव्हॉय घराण्याचा राजा तेव्हा सार्डिनियाचा राजा म्हणून तूरिनहून राज्य करत होता आणि शाँबेरी ही त्याच घराण्याची जुनी राजधानी. राजधानी सोळाव्या शतकात डोंगरापलीकडे तूरिनला हलली. डी बॉइनचं मूळ नाव बन्वा लबोर्न्य, बाप कातड्यांचा व्यापारी. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत आणि रशियाच्या सैन्यात नोकरी करून तो मद्रासला आला आणि १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत शिरला. त्याने उभ्या केलेल्या कवायती पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता जिंकलं, १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांच्या फौजेचा पराभव केला. महादजी १७९४ मध्ये वानवडीला वारले. डी बॉइन १७९६ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला, पुढे शाँबेरीत स्थायिक झाला आणि १८३० मध्ये तिथेच वारला.

उत्तर हिंदुस्थानात मिळवलेल्या संपत्तीतला मोठा वाटा त्याने गावाला दिला. जुन्या किल्ल्याकडून हत्तींच्या कारंज्याकडे जाणारा कमानींचा रस्ता त्याच्याच पैशातून झाला आणि आज त्याच्या नावाने ओळखला जातो. कारंजं त्याच्या मृत्यूनंतर, १८३८ मध्ये उभं राहिलं. खांबाच्या चार बाजूंनी चार हत्ती, फक्त पुढचा अर्धा भाग, सोंडेतून पाणी. गावकरी त्यांना 'ढुंगण नसलेले चौघे' म्हणतात. खांबावर डी बॉइनचा पुतळा आहे. पाया आणि खांबावरची कोरीव शिल्पं वाचत एक फेरी मारा, हिंदुस्थानातली शस्त्रं आणि प्रसंग दिसतील. सकाळी लवकर गेलात तर चौकात रहदारी कमी असते आणि चारही बाजूंनी फोटो घेता येतो.

किल्ल्यातली सँत-शापेल पाहायची तर मार्गदर्शकासोबतच सोडतात, म्हणून पोचल्यादिवशीच पर्यटन कार्यालयात वेळा विचारून घ्या. येशूचं मानलं जाणारं, तूरिनचं प्रसिद्ध कफन आधी याच प्रार्थनामंदिरात होतं. १५३२ च्या आगीत ते पोळलं आणि १५७८ मध्ये तूरिनला गेलं. रूसो राहिला ते ले शार्मेत हे घर गावाबाहेर चढावर आहे. आईबाबांना चालत नेऊ नका, टॅक्सी करा.

ठाणेकर वाटसरू

मग सॅव्हॉय फ्रान्समध्ये आलं कधी?

बखरीचं पान

दोनदा. क्रांतीच्या फौजांनी १७९२ मध्ये घेतलं, १८१५ मध्ये परत गेलं. दुसऱ्यांदा १८६० मध्ये. इटलीच्या एकीकरणात तिसऱ्या नेपोलियनने ऑस्ट्रियाविरुद्ध मदत केली, त्याच्या बदल्यात सॅव्हॉय आणि नीस द्यायचं ठरलं. २४ मार्च १८६० ला तूरिनचा करार झाला आणि एप्रिलमध्ये जनमत घेतलं. होच्या बाजूने १,३०,५३३, विरुद्ध २३५. इतका एकतर्फी आकडा पाहून शंका यावी हे योग्यच, कारण मतदानाआधीच करार झाला होता. उत्तरेकडच्या लोकांचा व्यापार जिनिव्हाशी असल्याने त्यांच्या चिठ्ठ्यांवर 'हो, आणि मुक्त क्षेत्र' असं छापलेलं होतं. जकातीशिवाय जिनिव्हाशी देवघेव चालू राहावी ही त्यांची अट.

माँ ब्लांच्या माथ्याचा वाद त्याच कराराचा. फ्रान्स माथा पूर्ण आपला दाखवतं, इटली पाणलोटाच्या रेषेने अर्धा मागतं. नकाशे अजून जुळत नाहीत.

दम्याचा डॉक्टर

आईंच्या रोपवेबद्दल. १०३५ मीटरवरून ३७७७ मीटरपर्यंत दोन टप्प्यांत साधारण वीस मिनिटांत पोचता, पुढे लिफ्टने ३८४२. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. गोळीने रक्तदाब नीट आटोक्यात असेल तर बहुतेकांना त्रास होत नाही, पण जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना ही उंची आणि ही वीस मिनिटं नेमकी सांगून विचारा. अलीकडे हृदयाचा झटका, छातीत दुखणं किंवा चालताना धाप असेल तर नेऊ नका.

वर गेल्यावर पायऱ्या भराभर चढू नयेत. बोगद्यात आणि गच्चीवर जिने आहेत आणि लोक फोटोसाठी पळतात, चक्कर तिथेच येते. डोकं दुखलं, मळमळलं की वाट पाहायची नाही, लगेच खाली यायचं. खाली उतरणं हाच उपाय आहे. तासाभराहून जास्त थांबू नका. सप्टेंबरमध्येही वर शून्याखाली तापमान आणि बोचरा वारा असतो. टोपी, हातमोजे, गॉगल सगळ्यांना हवेत. तीन वर्षांखालच्या मुलांना वर घेत नाहीत.

आई नको म्हणाल्या तर समोरचं प्लाँप्राझ, सुमारे २००० मीटर. तिथून माँ ब्लांची सबंध रांग समोर दिसते. एग्वीवरून तुम्ही डोंगराच्या अंगावर असता, पूर्ण डोंगर दिसतो तो समोरच्या बाजूनेच. वृद्धांसाठी माझी पहिली पसंती प्लाँप्राझच.

घाटवाटा

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. तिकिटांबद्दल भर : एग्वीला गर्दीच्या काळात वेळ आधी राखावी लागते, सगळ्या रोपवेंचा एकत्र पास असला तरीही. फक्त एग्वी करणार असाल तर साधं तिकीट घ्या. त्याच पासात मोंतँवेर, ब्रेव्हाँ जोडणार असाल तर बेरीज करून पाहा. पास सलग दिवसांचा असेल तर मधला पावसाचा दिवस फुकट जातो, हे विसरू नका.

मोंतँवेरची दातेरी रुळांची गाडी १९०९ ची, वीस मिनिटांत १९१३ मीटरवर नेते. समोर मेर द ग्लास हिमनदी. ती इतकी खाली बसली आहे की पूर्वी बर्फाच्या गुहेसाठी पाचशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागत. २०२४ मध्ये नवी केबिन सुरू झाली, त्यामुळे आईबाबांना आता शक्य आहे. काठाच्या खडकांवर जुन्या वर्षांची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आहेत. त्या वाचत गेलात की किती बर्फ गेला ते डोळ्यांना कळतं.

रुळावरचा प्रवासी

गाडी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. तिन्ही गावांत गाडी उभी करायला पैसे लागतात आणि तिन्ही गावं रेल्वेने जोडलेली आहेत. शाँबेरी ते आन्सी थेट गाडी, पाऊण-एक तास. आन्सीहून ला रोश स्युर फोरों मार्गे सँ जेर्वे ल फाये. तिथे प्लॅटफॉर्म बदलून मीटर गेजची तांबडी गाडी शामोनीला. ही लाइन १९०१ ची. वीज तिसऱ्या रुळातून येते, म्हणून लहान स्थानकांवर चुकूनही रूळ ओलांडू नका. कामांमुळे काही फेऱ्या रद्द करून बस देतात. तिकिटावर किंवा वेळापत्रकात 'ओतोकार' दिसलं तर प्लॅटफॉर्मवर थांबू नका, स्थानकाबाहेर बस असते.

शामोनीत हॉटेलवाल्यांकडून पाहुण्यांचं कार्ड, 'कार्त द'ओत', मागून घ्या. खोऱ्यातल्या बस आणि सेर्वो ते व्हालोर्सिन रेल्वे त्यावर चालते. मागितल्याशिवाय काही जण देत नाहीत.

तरी गाडी घ्यायचीच असेल तर : आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत, ऑटोमॅटिक आधीच सांगून ठेवा नाहीतर हाती गिअरची येते. जिनिव्हा विमानतळाला स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत. गाडी ज्या बाजूने घ्याल त्याच बाजूने परत करा, दुसऱ्या बाजूला केलीत तर बरंच भाडं वाढतं. फ्रेंच बाजूच्या गाडीवर स्विस महामार्गाच्या टोलचा स्टिकर बहुधा नसतो. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगरी तालुक्यांत बर्फाचे टायर किंवा साखळ्या सक्तीच्या. माँ ब्लांच्या बोगद्यातून इटलीत एक चक्कर मारण्याचा बेत असेल तर तारखा तपासा, २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी तो सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुरुस्तीसाठी बंद होता.

पोटोबा

शाकाहाराचं नीट वाचा, इथे फसगत हमखास होते.

या भागात सगळं चीज आणि बटाटा, म्हणून सोपं वाटतं. पण तार्तिफ्लेतमध्ये (बटाटा आणि चीज भाजून केलेला पदार्थ) लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, असतातच. तिथल्या स्वयंपाकात लार्दों मसाल्यासारखे पडतात, त्यामुळे वाढपी 'मांस नाही' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. म्हणून नुसतं 'शाकाहारी' न म्हणता कागदावर लिहून दाखवा : 'सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों'. कांद्याचं सूप गोमांसाच्या पाण्यात करतात, ते टाळा. राक्लेतबरोबर (वितळवलेलं चीज) येणारी मांसाची थाळी नको म्हणून आधीच सांगा, बटाटे आणि लोणची काकडी वाढवून देतात. फोंद्यूत (पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज) पांढरी वाइन असते, काही ठिकाणी वर किर्श ही चेरीची दारूही.

बोफोर, रब्लोशों, आबोंदांस ही इथली चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. घरात कोणी याबाबत कडक असेल तर आधी सांगून ठेवा म्हणजे तिथे मन खट्टू होत नाही. रब्लोशोंचं नाव 'पुन्हा धार काढणे' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. धन्याचा माणूस दूध मोजायला आला की कुळं अर्धवट धार काढत, तो गेल्यावर उरलेली काढत. त्या दुसऱ्या धारेत साय जास्त, त्याचं हे चीज.

बिनधास्त खाण्यासारखं : क्रोझे, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे चौकोनी बारीक तुकडे, लार्दोंशिवाय मागवून. पोलेंता, म्हणजे मक्याच्या रव्याची लापशी. ब्लूबेरीसारख्या मिर्तीयची टार्ट. आन्सीच्या जुन्या भागात मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी बाजार भरतो, फळं-पाव तिथूनच घ्या. स्वयंपाकघरं साधारण १२ ते २ आणि ७ ते ९ चालतात. अडीचला पोचलात तर पाव आणि कॉफीवरच भागवावं लागेल. 'कराफ दो' मागितलं की नळाचं पाणी फुकट मिळतं, पिण्याजोगं असतं.

घाटवाटा

व्हिसा : सगळे मुक्काम फ्रान्समध्ये आहेत, तेव्हा अर्ज फ्रान्सचाच. जिनिव्हाला उतरलात तरी चालतं, स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. मोठ्यांसाठी फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. सत्तरीच्या माणसांसाठी विम्याचा हप्ता वाढतो आणि आधीचे आजार वगळलेले असतात, रक्तदाबाचं कलम वाचूनच घ्या. अडचणीत ११२.

ठाणेकर वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटचं. होमी भाभांचं विमान पडलं ती जागा बघता येते का?

बखरीचं पान

जागा नाही, ती माथ्याजवळ आहे. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला उतरू पाहणारं एअर इंडियाचं बोइंग ७०७ 'कांचनजंगा' तिथे आदळलं, ११७ जण गेले. नियंत्रकाने दिलेली स्थिती वैमानिकांना चुकीची समजली आणि डोंगर ओलांडला असं वाटून ते खाली उतरत राहिले. त्याआधी ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' हे विमानही याच डोंगरावर पडलं होतं, ४८ जण गेले.

दोन्हींचे अवशेष बोसों हिमनदी हळूहळू खाली आणते. २०१२ मध्ये त्या काळची भारतीय राजनैतिक टपालाची थैली खाली सापडली. ती हिमनदी शामोनीच्या खालच्या बाजूला ले बोसों गावातून दिसते, रेल्वेचं स्थानकही त्याच नावाचं आहे. गाडीतून उतरून डोंगराकडे पाहिलं की दोन जंगलांच्या मधून खाली आलेली ती पांढरी जीभ लक्षात येते. तिच्या पायथ्याशी दगड कोसळतात, तेव्हा काठाजवळ जाऊ नका. आणि पत्रा, कागद, काहीही सापडलं तर उचलून बॅगेत टाकू नका, गावच्या पोलिसांकडे द्या. काही वस्तू अजून कुणाच्या घरच्यांच्या असतील.