माँट्रियलशेजारच्या लाँगयमध्ये राहावं की माँट्रियललाच?

फोंडेकार्न_बाय:
नमस्कार मंडळी. मिस्टरांना कॅनडात एरोस्पेसमध्ये जॉब मिळालाय, वर्क परमिटवर जायचंय. ऑफर लेटरवर पत्ता माँट्रियल नाही, लाँगय, क्वेबेक असा आहे आणि नकाशात ते नदीच्या पलीकडे दिसतं, गाव आहे की शहर तेच कळेना. मुलगी इथे फोंड्यात तिसरीत आहे, घरात कोकणी-मराठी, शाळेत इंग्लिश, फ्रेंचचा कोणालाच गंध नाही. जो तो सांगतो माँट्रियललाच घर बघा, तिथे इंग्लिश चालतं. काय करू?

पुलापलीकडचा:
ताई, गाव कसलं, अडीच लाखांच्या वर वस्ती आहे! पणजी आणि पर्वरी डोळ्यापुढे आणा, मधे मांडवीच्या जागी सेंट लॉरेन्स, झालं. झाक-कार्तिए पूल १९३० सालचा आणि मेट्रोची पिवळी लाइन १९६७ पासून नदीच्या खालून जाते, तीनच स्टेशनं, लाँगयला बसलात की मधलं एक सोडून बेरी-यूकाम, म्हणजे ऐन माँट्रियलात. फक्त पास काढताना दोन झोनचा, एबीवाला, काढा, नुसत्या माँट्रियलच्या पासवर लाँगयहून मेट्रोत बसता येत नाही.
आणि एरोस्पेसवाल्यांचं तर हे माहेरच. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं मुख्यालय इथेच, सेंट-युबेर भागात विमानतळ, विमानदुरुस्ती शिकवणारं कॉलेज आणि कॅनडाची स्पेस एजन्सीसुद्धा. काम इथे नि घर माँट्रियलला घेऊन मिस्टरांनी रोज पूल ओलांडायचा, तोही बर्फात, कशासाठी?

साखळीचो_झील:
पुलाचं सगळं खरं पण फ्रेंचचं बोला की हो. लाँगयमध्ये कारभार फ्रेंचमध्येच, पालिकेची पत्रं, दुकानातल्या पाट्या, शेजाऱ्यांच्या गप्पा सगळं. डाउनटाउन माँट्रियलला जसं इंग्लिशवर निभावतं तसं इथे गृहीत धरू नका. त्यातल्या त्यात ग्रीनफिल्ड पार्क नावाचा भाग आहे, लाँगयच्याच हद्दीत, त्याला द्विभाषिक दर्जा आहे, तिथे इंग्लिश बोलणारे बरेच भेटतील.
मुलीच्या शाळेचं नीट समजून घ्या. १९७७ च्या भाषा कायद्याने बाहेरून आलेल्यांची मुलं साधारणपणे फ्रेंच शाळेत जातात. वर्क परमिटवाल्यांना इंग्लिश शाळेची तात्पुरती परवानगी मागता येते, पण २०२२ च्या कायद्यानंतर ती ३ वर्षांच्या पुढे नाही. म्हणजे पीआरचा, तिथे कायमचं राहण्याच्या परवानगीचा, विचार असेल तर आज ना उद्या फ्रेंच आलंच. आपल्याकडे माध्यमावरून एवढी वर्षं भांडणं चाललीत, तिथे सरकारने विषयच संपवलाय 😄 माझं मत, तिसरीतली पोर आहे, पहिल्याच दिवसापासून फ्रेंच शाळेत घाला. नवीन मुलांना आधी भाषा शिकवायला वेगळे वर्ग असतात, आणि मुलं आपल्यापेक्षा लवकर बोलायला लागतात.

फोंडेकार्न_बाय:
थँक्यू दोघांनाही. मुलीचं पटलं. पण माझं काय, मी दिवसभर घरात बसून काय करू? आणि भाड्याच्या जाहिरातीत ३½, ४½ असं लिहिलेलं दिसतं, ते काय प्रकरण आहे?

पुलापलीकडचा:
तुम्हीही शिका ना, फ्रान्सिझासिओं क्वेबेकचे फ्रेंच क्लास सरकार फुकट चालवतं, वर्क परमिटवाल्यांच्या नवरा-बायकोलाही चालतात.
४½ म्हणजे किचन, हॉल, दोन बेडरूम आणि बाथरूमचा तो अर्धा. तुम्हाला तिघांना तेच बघा. डिपॉझिट कोणी मागितलं तर देऊ नका, क्वेबेकात ते कायद्यानेच चालत नाही, आगाऊ मागायचं तर पहिल्या महिन्याचं भाडं तेवढं. जास्त करून करार ३० जूनला संपतात आणि १ जुलैला अर्धं क्वेबेक ट्रकात सामान घालून घर बदलतं, त्यामुळे एप्रिल-मेपर्यंत घर ठरवलंत तर चॉइस मिळेल. हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं, हे आधी विचारा, फेब्रुवारीत त्याचं बिल कळतं. फ्रिज आणि शेगडी आहे का तेही, कारण पुष्कळ घरं दोन्हीशिवाय देतात.

म्हापशेकार:
सेंट लँबेअर आणि ब्रोसारच्या जाहिराती पण बघा ताई. २००२ ला त्यांना लाँगयमध्ये घातलेलं, लोकांनी मतदान करून २००६ ला परत वेगळी केली, पण आहेत लागूनच. ब्रोसारहून २०२३ पासून नवी आरईएम ट्रेन थेट माँट्रियलला जाते.