न्युर्बुर्गरिंगवर ५०० अश्वशक्तीची गाडी भाड्याने घ्यावी का?

मूळ प्रश्न: माइनकाठ

नमस्कार. मी फ्रँकफुर्टजवळ राहतो. येत्या सप्टेंबरात माझे थोरले मेहुणे पुण्याहून येणार आहेत. न्युर्बुर्गरिंग या जर्मनीतील मोटारशर्यतीच्या मार्गाच्या जुन्या वळशावर, म्हणजे नॉर्डश्लाइफवर, एकदा तरी स्वतः गाडी हाकावी ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. त्यासाठी त्यांना सुमारे ५०० अश्वशक्तीची पोर्शे ९११ भाड्याने हवी आहे. पुण्यात ते डिझेलची मोठी एसयूव्ही चालवतात, वीस वर्षांत त्यांच्या हातून अपघात झालेला नाही, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्यांच्या पायाखालचा आहे आणि घरच्या सिम्युलेटरवर खेळून येथील वळणेही त्यांना तोंडपाठ झाली आहेत. ‘हल्लीच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स सगळे सांभाळून घेते,’ असे त्यांचे म्हणणे आहे. मला हा बेत धोक्याचा वाटतो. पण नेमका धोका कशात आहे हे नीट मांडता येत नाही आणि नात्याने मोठ्या माणसाला ‘तुम्हाला झेपणार नाही’ असे तोंडावर कसे सांगावे, हाही प्रश्न आहेच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: आयफेलचा वाटसरू

वळणे पाठ असतील, याबद्दल शंका नाही. मात्र चढ-उतार आणि भीती या दोन गोष्टी पडद्यावर कळत नाहीत. या मार्गाची लांबी सुमारे २०.८ किलोमीटर असून त्यावर ७३ वळणे आहेत आणि सर्वांत उंच व सर्वांत सखल जागांमध्ये जवळजवळ ३०० मीटरचा फरक आहे. मार्ग १९२७ सालचा आहे. आजच्या सर्किटांवर चुकलेल्या गाडीसाठी जी ऐसपैस मोकळी जागा सोडलेली असते, ती येथे बहुतेक ठिकाणी नाही. डांबर संपले की थोडे गवत आणि लगेच लोखंडी कठडा. फॉर्म्युला वनचे शर्यतपटू निकी लाउडा यांचा १ ऑगस्ट १९७६ चा अपघात येथलाच, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या वळशावर पुन्हा झाली नाही.

एकच जागा सांगतो. फुक्सरोर नावाचा भाग झाडीतून खाली उतरत जातो. ताकदवान गाडी तेथे पाहता पाहता ताशी २०० च्या पुढे जाते, तळाशी स्प्रिंगवर दाबली जाते आणि मग चढाला लागते. चालकाला वाटते की रस्ता असाच वर जात राहणार. प्रत्यक्षात डावीकडे वळत तो चढ संपतो न संपतो तोच आडेनाउअर फोर्स्टचे आंधळे डावे-उजवे वळण पुढ्यात येते आणि त्याला आधीच्या वेगाच्या निम्म्याहूनही बराच कमी वेग लागतो. नवखे लोक हमखास येथे गवतात जातात. हौशी प्रेक्षक कॅमेरे घेऊन नेमके याच कठड्यामागे का थांबतात, हे वेगळे सांगायला नको.

आता व्यवहाराचे. सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या वेळात हा कायद्याने एकदिशा टोलरस्ता असतो. वाहतुकीचे जर्मन नियम लागू असतात, ओलांडायचे ते डावीकडूनच, आणि फेरीची वेळ मोजायला बंदी असते. कठडा वाकला तर त्याची दुरुस्ती, गाडी ओढून नेणे, मार्ग बंद ठेवावा लागणे, हा सगळा खर्च चालकाच्या माथी येतो. नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात येथे येण्यास सहसा स्पष्ट मनाई असते. खास याच कामासाठी गाड्या देणारे व्यावसायिक न्युर्बुर्ग परिसरात आहेत. त्यांच्याकडे गाडीच्या रंगाआधी, नुकसान झाल्यास आपण किती रक्कम सोसायची हे कलम वाचावे. पुष्कळदा तेवढ्यानेच मेहुण्यांचे मन वळेल आणि तुमच्यावर वाईटपणा येणार नाही.

प्रतिसाद २: वळणवेडा

मेहुण्यांच्या वीस वर्षांबद्दल आदर राखूनच लिहितो. रस्त्यावर जबाबदारीने चालवणारा माणूस टायरच्या पकडीच्या टोकाजवळ वर्षानुवर्षे जात नाही. म्हणूनच त्याला अपघात होत नाही, आणि म्हणूनच ते टोक कसे असते हेही त्याला ठाऊक नसते. कमी ताकदीच्या गाडीत तेथवर पोहोचायला वेळ आणि प्रयत्न लागतात. ५०० अश्वशक्तीची गाडी दोन वळणांमधल्या तुटपुंज्या सरळ तुकड्यातच चालकाला तेथे नेऊन उभी करते. साधी गाडी ज्या तुकड्याच्या शेवटी ताशी १०० किलोमीटर गाठते, तेथे ही १५० गाठत असेल, तर वजन सारखे धरले तरी ब्रेकना सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. वळणाचेही तसेच आहे: वेग २५ टक्क्यांनी वाढला की पकड दीडपटीहून अधिक लागते. टायरची पकड पगारासारखी ठरलेली असते. वळण्यावर सगळी खर्च केली की ब्रेकसाठी काही उरत नाही.

याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण म्हणजे १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो, जिला जाणकार ९३० या क्रमांकाने ओळखतात. तीन लिटरचे इंजिन आणि २६० अश्वशक्ती. आज हा आकडा ऐकून कोणी मान वर करणार नाही. पण इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले, आणि टर्बोचा जोर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभराने येणारा. चालक वळणात शिरून पाय दाबतो, काहीच होत नाही, म्हणून आणखी दाबतो, आणि ऐन वळणात सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर उतरते. मागची बाजू सरकू लागते. घाबरून तो पाय काढतो. पाय काढताच भार पुढच्या चाकांवर जातो, हलकी झालेली मागची चाके उरलीसुरली पकडही सोडतात आणि इंजिनाच्या वजनासकट शेपूट पुढे येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या रोजच्या गाडीत पाय काढला की बहुधा गाडी वळणात आत येते आणि आपण सुटतो. म्हणजे वीस वर्षांच्या सवयीने पाय जे आपसूक करतो, तेच या गाडीत घात करते. अशा वेळी काय करायचे हे पुस्तकात वाचून कळते, पण हातापायांना ते कळण्यासाठी रिकाम्या, ओल्या मैदानावर शिक्षकाच्या देखरेखीखाली गाडी मुद्दाम घसरवावी लागते.

प्रतिसाद ३: सरळसोट

९३० चे उदाहरण जुने झाले. आजची ९११ कितीतरी समंजस आहे, तिचे ब्रेक उत्तम आहेत, आणि नॉर्डश्लाइफवर फार हळू गाडी नेणे हाही धोकाच आहे, कारण मागून येणारे दुप्पट वेगाने येतात. ज्याला आरशात पाहता येते त्याने ताकदवान गाडीला उगाच भिऊ नये.

प्रतिसाद ४: यंत्रज्ञ

आरशाबद्दलचे म्हणणे सोळा आणे खरे. बाकीच्याबद्दल लिहितो, कारण गाडीची स्थिरता राखणाऱ्या नियंत्रकाशी माझा कामानिमित्त संबंध येतो.

ही प्रणाली १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाड्यांतून प्रथम आली आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी स्वतःभोवती खरोखर किती फिरते आहे, यांची ती सतत तुलना करते. तफावत दिसली की एखाद्याच चाकाचा ब्रेक लावून गाडीला पुन्हा मार्गावर आणते. तिच्यामुळे असंख्य जीव वाचले आहेत. परंतु आहे ती पकड वाटून देणे एवढेच तिच्या हाती असते. नवी पकड तिला निर्माण करता येत नाही. ताशी ८० ने जाता येईल अशा वळणात ताशी ११० ने शिरलेल्या गाडीला कोणतेही सॉफ्टवेअर आत ठेवू शकत नाही. शिवाय ‘स्पोर्ट’ किंवा ‘ट्रॅक’चे बटण दाबले की पुष्कळ गाड्यांत हा पहारा आपणच सैल करतो, आणि अशा ठिकाणी ते बटण न दाबणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे.

समंजस गाडीचा तोटाही आहे. साध्या टायरची गाडी ताशी ६०-७० लाच कुरकुरते, किंचित सरकते, चालकाला सावध करते. रुंद टायरांची ही गाडी शांतपणे सगळे सहन करते आणि सोडते तेव्हा वेग दुप्पट असतो. नवख्याला आपण सराईत झालो असे वाटते. खरे तर तोवर गाडीच त्याच्या चुका निस्तरत आलेली असते.

नुसत्या अनुभवानेही भागत नाही. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अभिनेते पॉल वॉकर यांचा मृत्यू झाला, तेव्हा पोर्शे करेरा जीटी चालवणारे त्यांचे मित्र हौशी शर्यतींत मुरलेले होते. सहाशेहून अधिक अश्वशक्तीच्या त्या गाडीत स्थिरता-नियंत्रक नव्हता. यंत्रात बिघाड आढळला नाही. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग १३० ते १५० च्या दरम्यान होता आणि टायर नऊ वर्षांचे जुने होते, असे तपासात निघाले.

प्रतिसाद ५: दक्षिणध्रुव

ॲडलेडहून थोडी भर घालतो. येथे २०१९ मध्ये एक लँबोर्गिनी पदपथावर चढून १५ वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली. त्यानंतर नियम बदलले आणि १ डिसेंबर २०२४ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियात, टनामागे २७६ किलोवॉट किंवा त्याहून अधिक शक्ती असलेल्या मोटारीसाठी ‘यू’ वर्गाचा वेगळा परवाना लागतो. त्यासाठीचा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, म्हणजे घसरती गाडी सावरायला तो शिकवत नाहीच. तरीही मोटार-मोटारीत फरक असतो हे कायद्याने मान्य केले, हे महत्त्वाचे. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकनच्या धडकेत मोटारसायकलवरील दोघांचा जीव गेला, तेव्हा आपल्याकडील चर्चा चालकाचे वय आणि ३०० शब्दांचा तो निबंध यांभोवती फिरली, आणि संताप रास्तच होता. पण लहानशा हॅचबॅकवर मिळालेला परवाना टायकनलाही चालतो, याबद्दल मी फारसे वाचले नाही.

माइनकाठ

सर्वांचे आभार. नुकसानभरपाईचे कलम आणि ९३० ची हकिगत मेहुण्यांना पाठवली. पहिला फोन थोडा फणकाऱ्याचा होता, दुसऱ्यात मात्र ‘शिक्षक मराठी बोलणारा मिळेल का?’ अशी विचारणा झाली. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट आणि शेजारी शिक्षक, असे आता ठरते आहे. नंतर त्यांना मोठ्या गाडीत सराईत चालकाशेजारी बसवून एक फेरी घडवीन. गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

आयफेलचा वाटसरू

टायरच्या बगलेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच किती उरली आहे तेही पाहा. सकाळची पहिली फेरी टायर गार असताना निम्म्या जोरानेच करावी. पाऊस झाला असेल तर डांबरावर लोकांनी रंगवलेल्या नावांवरून चाक जाऊ देऊ नये, ती फार निसरडी होतात. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हा प्रकार येथे नेहमीचा असल्याने निघताना आभाळ स्वच्छ दिसले तरी फसू नये. मराठी बोलणारा शिक्षक माझ्या माहितीत नाही. इंग्रजी बोलणारे भरपूर आहेत.