केनेडी खून : निर्विवाद असं काही आहे की नाही?

सडेतोड : काल इथे एकाने ठोकून दिलं की केनेडी प्रकरणात "एकही गोष्ट निर्विवाद नाही". डोकंच फिरलं. कट होता म्हणणारे असा नाहीतर एकट्या ऑस्वाल्डनेच गोळ्या झाडल्या म्हणणारे, एवढं तरी माना : २२ नोव्हेंबर १९६३, दुपारी साडेबारा, डॅलस शहरातला डीली प्लाझा चौक, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर गोळ्या. तिथल्या बुक डिपॉझिटरीच्या, म्हणजे पुस्तकांच्या गोदामाच्या, सहाव्या मजल्यावर रायफल आणि तीन रिकामी काडतुसं सापडली. ऑस्वाल्ड तिथेच कामाला. दोन दिवसांनी जॅक रूबी या नाइटक्लबवाल्याने त्याला टीव्ही कॅमेऱ्यांसमोर उडवलं. इथून पुढे सीआयए, माफिया, क्युबा, काय काढायचं ते काढा.

वळीव : कुठली रायफल, साहेब? शोधायला गेलेल्या पोलिसानेच माऊझर (जर्मन बनावटीची रायफल) म्हणून लिहून दिलंय. यादी दुसऱ्याच ओळीत गारद!

सडेतोड : ओझरतं बघून म्हणाला तो. बंदुकीवर 'मेड इटली' आणि 'कॅल ६.५' कोरलंय. नंबर सी२७६६. ऑस्वाल्डने 'हिडेल' या खोट्या नावाने टपालाने मागवलेली तीच.

खवचट काकू : नंबर मान्य. पण 'बंदूक त्याची'वरून 'चाप त्यानेच ओढला'वर हळूच सरकू नका. आणि १९७९ च्या अमेरिकी संसदीय समितीने कटाची शक्यता मानली, ते यादीत का नाही? गैरसोयीचं म्हणून?

टेपवाला : त्या समितीची भिस्त पोलिसांच्या वायरलेसच्या ध्वनिफितीवर होती. एका मोटरसायकलचा माईक उघडा राहिला, त्यात म्हणे चौथी गोळी, म्हणजे दुसरा बंदूकधारी. १९८२ ला अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने दाखवलं की त्याच जागी दुसऱ्या चॅनेलवरचं शेरीफचं बोलणं झिरपलंय, आणि ते गोळीबारानंतर सुमारे मिनिटभराने बोललेलं. हयात रेकॉर्डिंगमध्ये गेली माझी. एका पुढाऱ्याच्या भाषणाच्या टेपमध्ये शेजारच्या मांडवातली घोषणा झिरपली होती. तेवढ्यावरून तारीख ठरली, आयोजक खोटे पडले. वर माझे पैसे बुडवले ते वेगळंच.

वळीव : तुमच्या बुडालेल्या पैशांचा डॅलसशी संबंध काय? गोदामाकडून नव्हे, चौकातल्या गवताळ टेकाडाकडून आवाज आला म्हणणारे डझनावारी होते. ते सगळे बहिरे?

टेपवाला : बहिरे नव्हे. भोवती इमारती असल्या की आवाज आदळून भलतीकडून येतो. पण तुम्हाला समजून घ्यायचंच नसेल तर राहू दे.

वळीव : आमच्या गल्लीतला अपघात मी डोळ्यांनी पाहिला. पोलिसांनी मलाच वेड्यात काढलं. तेव्हापासून "साक्षीदार चुकतात" म्हटलं की तिडीक जाते.

सडेतोड : म्हणजे बिल तुमच्या पोलीस चौकीचं, फाडताय वॉरन आयोगाच्या, म्हणजे खुनाची चौकशी करून एकट्या ऑस्वाल्डला दोषी धरणाऱ्या सरकारी आयोगाच्या, नावाने.

खवचट काकू : भांडा सावकाश. टेपवालेबुवा, चौथी गोळी तुम्हाला दान केली, न्या घरी. पण टेप बाद झाली म्हणून कट नव्हता असं सिद्ध होत नाही, एक पुरावा गेला इतकंच.

सडेतोड : हे मान्य करायला जड जातंय, पण बरोबर आहे. मग सहावा मजला, काडतुसं, सी२७६६ : तिन्हींना हो?

खवचट काकू : हो. रूबीलाही हो. पोलीस मुख्यालयाच्या तळघरात त्याला जाऊ कुणी दिलं, त्यावर वेगळा धागा काढते. टेपवाल्यांनी तिथे येऊ नये.